कापड मीटरने विका, पण गाडी किलोने भरा

आपल्या कापडाच्या धंद्यात सगळा हिशोब मीटरने चालतो. सौदा मीटरने, विणकराची मजुरी मीटरने, दलालाची दलाली मीटरच्या भावावर. गाठ बांधली की तिच्यावर तागे किती, मीटर किती आणि क्वालिटी कोणती एवढे लिहिले जाते. गाठीचे वजन किती हे मात्र बहुतेक वेळा कोणी लिहीत नाही. बिल्टीवर वजनाचा जो आकडा पडतो तो ट्रान्सपोर्टचा मेहता नजरेने अंदाज करून टाकतो. पण रस्त्याला मीटर कळत नाही. जो माल भिवंडीहून मालेगावला, इचलकरंजीहून मुंबईला किंवा मालेगावहून पाली-बालोतऱ्याच्या प्रोसेस हाऊसला जातो, तो शेवटी चार किंवा सहा टायरांवर जातो, आणि टायरला फक्त किलो कळतात.

उर्दू शाळेत शिकलेल्यांना 'वजन' हा शब्द शेरोशायरीतून आधी माहीत होतो. मिसरा वजनात बसला नाही तर उस्ताद लगेच टोकतात. व्यापारात आल्यावर मात्र आपण त्याच शब्दाकडे साफ दुर्लक्ष करतो. गाडी वजनात बसते की नाही हे विचारणारा कोणी उस्ताद गोदामाच्या दारात उभा नसतो. म्हणून या पानावर आज भाव, मंदी आणि सूत यांच्याऐवजी टायरविषयी लिहीत आहे. व्यापारी बांधवांना विषय परका वाटेल, पण शेवटी हा आपल्याच मालाचा आणि आपल्याच माणसांच्या जिवाचा विषय आहे.

टायरवर काय लिहिलेले असते

पुष्कळ लोकांची समजूत अशी की टायर म्हणजे काळे रबर. नवा असला की चांगला आणि गुळगुळीत झाला की वाईट. हकीकत अशी आहे की प्रत्येक टायरच्या बाजूवर त्याची ताकद कारखान्यातच छापलेली असते. समजा, एका पिकअपच्या टायरवर '१९५ आर १५ एलटी, ८ पीआर, १०६/१०४' असे लिहिले आहे. पहिले आकडे मापाचे. 'एलटी' म्हणजे हलक्या मालवाहू गाडीचा टायर. 'पीआर' म्हणजे प्लाय रेटिंग. पूर्वी टायरमध्ये कापडाचे जितके थर असत त्यावरून हा आकडा येई. आज तितके थर प्रत्यक्षात नसतात, पण ताकद सांगण्याची खूण म्हणून आकडा टिकून आहे. टायरची ताकद कापडाच्या थरांनी मोजण्याची ही जुनी रीत आपल्या लोकांना तरी चटकन समजावी.

खरा महत्त्वाचा आकडा शेवटचा, १०६/१०४. हा भाराचा क्रमांक आहे आणि जगभर त्याचे एकच कोष्टक चालते. १०६ म्हणजे ९५० किलो आणि १०४ म्हणजे ९०० किलो. पहिला आकडा चाक एकटे असेल तेव्हाचा आणि दुसरा जोडचाक असेल तेव्हाचा. त्याच कोष्टकात ९१ म्हणजे ६१५ किलो, १०० म्हणजे ८०० किलो, १२१ म्हणजे १४५० किलो आणि १४६ म्हणजे ३००० किलो. जोडचाकाला आकडा कमी का, असा प्रश्न पडेल. कारण शेजारी लावलेली दोन चाके ओझे कधीच अगदी सारखे वाटून घेत नाहीत. रस्ता मध्ये उंच असतो, एका टायरची नक्षी जास्त झिजलेली असते, एकात हवा दोन-चार पौंड कमी असते. म्हणून १२१/११८ छापलेल्या दोन टायरांची जोडी २९०० किलो धरायची नसते. जोडीतला प्रत्येक टायर १३२० धरून २६४० किलोच धरायची असते.

हे आकडे वाचायला इंजिनिअर लागत नाही. तागा उलगडून त्यातला दोष पकडणाऱ्या माणसाला टायरच्या बाजूवरचे तीन आकडे वाचणे काय अवघड आहे?

एक हिशोब करून पाहू

उदाहरणासाठी एक पिकअप घेऊ. तिच्या आरसी बुकात रिकाम्या गाडीचे वजन १६५० किलो आणि भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन २९५० किलो आहे. म्हणजे माल १३०० किलो. भरल्यावर पुढच्या आसावर ११०० आणि मागच्या आसावर १८५० किलो येतात असे धरू. मागे दोन टायर, प्रत्येकावर ९२५ किलो. टायरची ताकद ९५०. हिशोब बसला, पण मधली जागा फक्त २५ किलोंची राहिली, हे ध्यानात घ्या. कंपनीने गाडीला टायर देताना तो मोठ्या उदारपणे दिलेला नसतो, मोजून दिलेला असतो.

आता आपले कापड पाहू. १०० जीएसएमचे, ४८ इंच पन्ह्याचे कापड मीटरला सुमारे १२२ ग्रॅम भरते. १३०० किलो म्हणजे सुमारे १०,६०० मीटर. पण गाडीवर जागा दिसते, ताडपत्रीखाली अजून गाठी मावतात आणि शेठचा निरोप असतो की सगळा माल एकाच खेपेत काढा. मग १६,००० मीटर चढतात. वजन झाले १९५० किलोंच्या वर, म्हणजे सुमारे साडेसहाशे किलो जादा. पिकअपचे जादा ओझे जवळजवळ सगळे मागच्या आसावर येते. तेथे १८५० चे २५०० झाले आणि प्रत्येक टायरवर १२५० किलो आले. टायर ९५० चा आहे. त्याच्या ताकदीपेक्षा हे तीस टक्क्यांहून जास्त ओझे आहे.

कापड बदलले तर गंमत आणखी वाढते. २५० जीएसएमचे, ५८ इंच पन्ह्याचे जाड कापड मीटरला सुमारे ३६८ ग्रॅम भरते. त्याचे १३०० किलो अवघ्या साडेतीन हजार मीटरमध्ये पुरे होतात. 'मागच्या वेळी याच गाडीत दहा हजार मीटर गेले होते' असे सांगून कोणी जाड कापड भरायला लावले, तर तो एका पिकअपवर जवळजवळ पावणेचार टन लादत असतो. मीटर तेवढेच, वजन तिप्पट. आणि पावसाळ्यात ताडपत्री गळली तर सुती कापड पाणी पिते. ते पाणीही टायरच उचलतो, बिल्टीवर त्याची नोंद नसते.

याहून वाईट प्रकार म्हणजे टायरच चुकीचा असणे. मागचा टायर फुटला की काही गाडीमालक खर्च वाचविण्यासाठी जुन्या बाजारातून मोटारीचा टायर आणून त्याच मापाच्या रिमवर चढवतात. दिसायला तो छान गोल आणि काळाच असतो. पण त्यावर ९१ लिहिलेले असेल तर त्याची ताकद ६१५ किलो. तसे दोन टायर मागे असले तर १२३० किलो झाले. म्हणजे कायद्यात बसणारा माल भरला तरी तो टायर त्या ओझ्याला पुरा पडत नाही. अमेरिकेत हौशी लोक आपली बोट ट्रेलरवर चढवून मोटारीमागे ओढत नेतात. त्या ट्रेलरसाठी वेगळा टायर मिळतो आणि त्यावर 'एसटी' अशी खूण असते. मोटारीचा टायर ट्रेलरला लावलाच, तर त्याची छापील ताकद १.१ ने भागून कमी धरावी असा तेथला नियम आहे. हौसेच्या बोटीसाठी एवढा विचार होतो, तर ज्या मालावर शंभर घरांच्या चुली चालतात त्याच्यासाठी का होऊ नये?

पाटे वाढवून ताकद वाढत नाही

आपल्याकडे आणखी एक गैरसमज घट्ट बसला आहे. गाडी मागून बसू लागली की मालक गॅरेजमध्ये जाऊन पाटे वाढवून घेतो. त्यानंतर गाडी ओझ्याखाली वाकत नाही, सरळ उभी राहते, आणि सर्वांना वाटते की गाडी मजबूत झाली. पाटे वाढल्याने गाडीचे वाकणे लपते, एवढेच. टायर तोच, रिम तेच, ब्रेक तेच आणि आसही तोच. उलट पूर्वी गाडी वाकून इशारा तरी देत होती, तो इशाराही बंद झाला. वाढवलेले पाटे पाहून ज्याला धीर येतो त्याने खाली वाकून टायरचा आकडा वाचावा.

हवा हीच ताकद

टायरवरचे ९५० किलो हे रबराचे बळ नाही. ठरलेल्या दाबाने हवा भरलेली असेल तेव्हाचे ते बळ आहे. ओझे खरे तर हवा उचलते, टायर तिला धरून ठेवतो. हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सुटते. लोखंडी तार हातात धरून वारंवार वाकवली तर ती गरम होते आणि शेवटी तुटते, तसाच हा प्रकार आहे. रबर आणि आतले धागे तापतात, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि मग मोठा आवाज होऊन टायर फुटतो. टायरच्या जाणकारांत असा दंडक आहे की ठरलेल्या दाबापेक्षा २० टक्के हवा कमी असली तर तो टायर बसलेलाच समजावा. ६५ पौंडांच्या टायरात ५२ पौंड असतील तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. बुटाने ठोकून किंवा हातोडी मारून आवाज ऐकल्याने तर मुळीच कळत नाही. त्यासाठी गेजच लागतो.

जादा ओझे आणि कमी हवा ही दोन्ही एकच काम करतात, टायर दाबतात. त्यात वेग मिळाला की उष्णता वाढते. लांब सरळ रस्त्यावर टायरला थंड व्हायला वेळ मिळत नाही. पूर्वी आपला माल जुन्या मुंबई-आग्रा रस्त्याने कसारा घाट चढून जात असे, जागोजाग गाडी थांबत असे, चहापाणी होत असे. आता समृद्धी महामार्ग झाला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा हा रस्ता भिवंडी तालुक्यातील आमणेपर्यंत आला. म्हणजे तो आपल्या गोदामांच्या दाराशीच आला आहे. व्यापाराला ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. पण ज्या टायरने गावातल्या खड्ड्यांतून तीस-चाळीसच्या वेगाने कशीबशी दिवसगत केली, तोच टायर उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या काँक्रीटवर तासन् तास एकाच वेगाने पळविला तर तो वेगळा हिशोब मागतो.

या उन्हातच ड्रायव्हर मंडळी आणखी एक घातक उपाय करतात. टायर गरम लागला, गेजवर दाब वाढलेला दिसला की थोडी हवा सोडतात. चालून तापलेल्या टायरात दाब वाढणारच, कारखान्याने तो हिशोबात धरलेला असतो. ठरलेला दाब हा थंड टायरचा असतो, म्हणून हवा सकाळी गाडी निघण्यापूर्वी मोजायची असते. गरम टायरातून हवा सोडली की तो कमी हवेवर चालू लागतो, आणखी तापतो, आणि जे टाळायचे होते तेच घडते.

या गोष्टी केवळ आपल्या गरीब मुलखातच घडतात असे कोणी समजू नये. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागविले. ते प्रामुख्याने फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला होते. चालता चालता नक्षीचा पट्टा सुटून गाड्या उलटत होत्या आणि तेथील सरकारी नोंदीत मृतांची संख्या दोनशेच्या वर गेली. टायरच्या बनावटीवर ठपका आला. पण त्याबरोबर हेही चर्चेत आले की त्या गाडीसाठी हवेचा दाब फक्त २६ पौंड सांगितला होता आणि तो पुढे ३० पौंड करावा लागला. उष्ण हवेची राज्ये, भरलेली गाडी, मोठा वेग आणि कमी हवा हे सगळे एकत्र आले होते. त्यानंतर त्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि पुढे हवा कमी झाल्यास इशारा देणारे यंत्र नव्या मोटारींना सक्तीचे झाले. आपल्याकडे यंत्राची वाट पाहण्याची गरज नाही. काहीशे रुपयांचा गेज आणि दहा मिनिटे पुरतात.

कायदा व्यापाऱ्यालाही ओळखतो

व्यापारी म्हणेल, 'गाडी माझी नाही, टायर माझा नाही, मी भाडे मोजले, माझा संबंध संपला.' कायदा असे म्हणत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात जादा वजनाची गाडी चालविणारा जसा दोषी आहे, तसाच ती चालवायला लावणारा किंवा चालू देणाराही दोषी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने हा दंड २००० रुपयांवरून २०,००० रुपये झाला. त्यावर जादा प्रत्येक टनामागे २००० रुपये, आणि जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही. वजन करायला गाडी थांबविली नाही तर दंड ४०,००० रुपये. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन खटल्यात स्पष्ट केले की दंड भरला म्हणून जादा माल घेऊन पुढे जाता येत नाही, तो उतरवलाच पाहिजे.

दुसरा कायदा २००७ चा, रस्त्याने माल नेण्याविषयीचा. त्यात ट्रान्सपोर्टवाल्याने आरसी बुकातील वजनापेक्षा जास्त माल भरू नये असे सांगितले आहे, आणि माल पाठविणाऱ्याने जी माहिती लिहून द्यायची तिच्या खरेपणाची जबाबदारी पाठविणाऱ्यावर टाकली आहे. म्हणजे बिल्टीवर वजन अंदाजे टाकू देणे ही मेहत्याची चूक म्हणून झटकता येत नाही. नाव आपले आहे, सही आपली आहे.

मोठ्या ट्रकवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट सांगितली पाहिजे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने आसावरील ओझ्याची मर्यादा वाढविली. मागे चार टायर असलेल्या एका आसाला पूर्वी सुमारे १०.२ टन होते, ते ११.५ टन झाले, आणि दोन आसांच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेले. बाजारात याचा अर्थ 'आता जास्त भरायला मुभा मिळाली' एवढाच घेतला गेला. आता टायरकडे पाहा. ट्रकच्या टायरवर १४६/१४३ लिहिलेले असेल तर जोडचाकात त्याची ताकद २७२५ किलो. अशा चार टायरांचे १०,९०० किलो झाले, म्हणजे ११.५ टनांना सहाशे किलो कमी. कायद्याने मर्यादा वाढली म्हणून टायरची ताकद वाढत नाही. तेवढे ओझे न्यायचे तर जोडचाकाचा आकडा निदान १४५ हवा, म्हणजे प्रत्येकी २९०० किलो. आणि ती वाढीव मर्यादा त्या गाडीच्या आरसी बुकात चढलेली हवी. आरसी, टायर आणि काटा या तिन्हींपैकी जो सर्वात लहान आकडा असेल तोच त्या गाडीचा खरा आकडा.

स्वस्त भाडे किती स्वस्त

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. मंदी आहे, यंत्रमाग धड चालत नाहीत, विजेचे बिल वाढते आहे, सुताचा भाव सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा. अशा वेळी दोन खेपांचे भाडे कोण देणार? ही तक्रार खोटी नाही. म्हणून भावनेने नव्हे, वहीने उत्तर देऊ. समजा एका खेपेचे भाडे ६००० रुपये आहे. १६,००० मीटर भरले तर मीटरला साडेसदतीस पैसे पडले. १०,६०० मीटर भरले तर साडेछप्पन पैसे. फरक एकोणीस पैशांचा. ज्या धंद्यात मीटरला दहा पैशांसाठी सौदा मोडतो तेथे एकोणीस पैसे मोठे आहेत, हे मान्य. पण दंडाचे नुसते २०,००० रुपये त्या एकोणीस पैशांनी भरून काढायला एक लाख मीटरहून जास्त माल, म्हणजे अशाच सहा-साडेसहा भरगच्च खेपा कराव्या लागतात. आणि टायर फुटून गाडी उलटली, गाठी चिखलात गेल्या, प्रोसेसची तारीख टळली, पार्टीने माल परत केला, तर हिशोब कोणत्या वहीत मांडणार?

शिवाय यावर मार्ग आहे. माल जास्त असेल तर मोठी गाडी घ्या, दोन व्यापाऱ्यांनी मिळून भरा, किंवा हलके आणि जाड कापड वजन पाहून वाटून पाठवा. मोठ्या गाडीत मीटरमागचा खर्च खाली येतो. लहान गाडीवर मोठे ओझे टाकून जो पैसा वाचतो, तो आपण वाचविलेला नसतो, ड्रायव्हरच्या जिवावर उसना घेतलेला असतो.

ड्रायव्हर कोण असतो, हेही एकदा आठवावे. तो बहुधा आपल्याच मोहल्ल्यातला किंवा पोटासाठी परमुलखातून आलेला जवान मुलगा असतो. गाडी दुसऱ्याची, टायर दुसऱ्याचा, माल आपला. 'शेठ, दोन गाठी जास्त होत आहेत' असे म्हणायची त्याची हिंमत नसते, कारण दुसऱ्या दिवशी आपण दुसरी गाडी बोलावू हे त्याला माहीत असते. क्लीनर आणि कधी कधी हमालही गाठींवर बसून जातात. माल ही आपण ट्रान्सपोर्टवाल्याच्या हवाली केलेली अमानत आहे असे आपण हक्काने म्हणतो. त्या मालाबरोबर आईने पाठविलेला मुलगा ही आपल्याकडे आलेली अमानत आहे, असे मात्र कोणी म्हणत नाही. बाजारात आपण नापतोल चोख ठेवतो, गजात एक इंच कमी देत नाही, म्हणून आपली इज्जत आहे. तीच चोख नजर गाडीवरही का नसावी?

काय करता येईल

पहिली गोष्ट, प्रत्येक क्वालिटीचा एक तागा वजनकाट्यावर ठेवा, मीटरने भागा आणि मीटरला किती ग्रॅम पडले ते गोदामाच्या भिंतीवर लिहून ठेवा. हे काम एका दिवसाचे आहे आणि वर्षानुवर्षे उपयोगी पडते. सुताची पोती आणि सायझिंगचे बीम यांचेही तसेच. भरलेला बीम किती जड असतो हे उचलणारा हमाल जाणतो, पण टेंपोत बीम मोजताना आपण फक्त नग मोजतो.

दुसरी, बिल्टीवर खरे वजन स्वतः लिहा. अंदाज चालू देऊ नका.

तिसरी, गाडी दाराशी लागली की गाठ चढण्यापूर्वी मुनीमाने टॉर्च घेऊन एक फेरी मारावी. आरसीतील वजन, टायरवरील भाराचा आकडा, चारी-सहा टायर एकाच मापाचे आहेत की नाहीत, जोडचाकातील आतला टायर बसलेला तर नाही, दोन टायरांमध्ये दगड अडकला नाही ना, बाजूला फुगवटा किंवा चीर नाही ना, हे सारे पाहावे. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कायद्यानेच तो टायर बाद आहे. बाजूवरील लंबगोलातले शेवटचे चार आकडे टायरची जन्मतारीख सांगतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी भरपूर असूनही वर्षानुवर्षे उन्हात पडून राहिलेल्या रबराला बारीक तडे जातात, तेही पाहावेत. स्टेपनीही पाहावी.

चौथी, रिमोल्ड टायरला घाबरण्याचे कारण नाही. चांगल्या सांगाड्यावर नीट केलेले रिमोल्ड मागे चालते, विमानांचे टायरसुद्धा रिमोल्ड होतात. पण पुढच्या चाकाला ते नको. पुढचा टायर गेला की स्टिअरिंग हातात राहत नाही.

पाचवी, भाडे खेपेवर न ठरवता वजनावर ठरवा. खेपेच्या भाड्यात जास्त भरण्याचा मोह व्यापाऱ्याला होतो आणि टायर बदलण्याचे पैसे गाडीमालकाच्या हाती राहत नाहीत. आपण भाडे पिळून घ्यायचे आणि पुन्हा त्यानेच नवा टायर घालावा अशी अपेक्षा करायची, हे न्यायाचे नाही.

शेवटची गोष्ट व्यापारी संघटनांसाठी. सूत, जकात, जीएसटी यांवर आपण मोर्चे काढले, निवेदने दिली. मार्केटच्या फाटकाजवळ एक सामाईक वजनकाटा आणि हवेचा एक चांगला गेज बसविणे त्याहून कितीतरी सोपे आहे. काट्याच्या पावतीशिवाय गाडी सुटणार नाही असे दहा मोठ्या व्यापाऱ्यांनी मिळून ठरविले, तर उरलेल्यांना पाळावेच लागेल. एकट्याने केले तर भाड्यात मार बसतो. सर्वांनी केले तर तो सर्वांचाच दर होतो आणि कोणाचेच नुकसान होत नाही.

कापडाचा भाव उद्या वर जाईल, परवा खाली येईल, ते आपल्या हातात नाही. गाडीत किती किलो चढतात हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे. पुढची गाडी दाराशी लागेल तेव्हा मीटरची वही मिटून एकदा टायरचा आकडा वाचा, आणि मगच हमालाला हाक मारा.